बंदराचे शब्द घाटमाथ्यावर

निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखूच्या वखारीसमोर उभे राहिले, तर समुद्राची आठवण होण्याचे कोणतेही कारण दिसत नाही. पश्चिमेला सह्याद्रीची रांग आडवी पसरलेली असते आणि तिच्यापलीकडचा किनारा घाट उतरून गेल्यावाचून नजरेस पडत नाही. असे असूनही त्या वखारीत दिवसभर जे शब्द कानांवर पडतात, त्यांतील बहुतेक खाऱ्या पाण्यावरून आलेले आहेत. माल उचलणारा ‘हमाल’ हा अरबी शब्द आहे. मालाचा ‘लिलाव’ पोर्तुगिजांकडून आला. मालावर जुन्या काळी द्यावी लागणारी ‘जकात’ अरबी, मालाचा उतरविला जाणारा ‘विमा’ फारसी, आणि खुद्द ‘तंबाखू’ ही वस्तू व तिचे नाव ही दोन्ही पोर्तुगीज जहाजांतून या देशात उतरली. शेतकरी, अडत्या, हमाल आणि दलाल या चौघांचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत अर्धा डझन बंदरी शब्द बोलले जातात. बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी बंदर पाहिलेलेही नसते.

शब्द आपोआप प्रवास करीत नाहीत. ते मालाबरोबर येतात, माणसांबरोबर येतात, आणि ज्या वाटेने येतात तिच्या खुणा अंगावर बाळगतात. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागाच्या बोलीत बंदराचे शब्द इतक्या संख्येने का आढळतात, या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशापेक्षा घाटांच्या इतिहासात शोधावे लागते. ते शोधताना बंदर म्हणजे काय, ते कसे चालते आणि ते बांधणारे लोक कोणती भाषा बोलतात, याचाही उलगडा होतो.

या वाटा फार जुन्या आहेत. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात हलशी हे गाव आहे. प्राचीन काळी त्याचे नाव पलाशिका असे होते आणि कदंबांच्या राजधान्यांत त्याची गणना होई. पुढे अकराव्या-बाराव्या शतकांत गोव्याच्या कदंबांची सत्ता एका बाजूस हलशीच्या मुलखावर, तर दुसऱ्या बाजूस जुवारी नदीच्या तीरावरील गोपकपट्टण या बंदरावर चालत होती. घाटमाथा आणि किनारा एकाच राज्याचे दोन हात होते. त्या बंदराच्या नावातील ‘पट्टण’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. संस्कृतात ‘पत्तन’ म्हणजे नगर, आणि विशेषतः जेथे माल येऊन पडतो असे नगर. अरब आणि इराणी नाविकांचा ‘बंदर’ हा शब्द मराठीत रुळण्यापूर्वी या भागात बंदराला हेच नाव होते.

इ. स. १२०४ मधील बेळगावचे कन्नड शिलालेखही याच संदर्भात बोलके आहेत. त्या वेळी वेणुग्राम, म्हणजे आजचे बेळगाव, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या अमलाखाली होते. तेथील जैन मंदिराला निरनिराळ्या मालावरील करांतून दाने देणाऱ्या व्यापाऱ्यांत लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, आणि मलेयाळ देशाचे, म्हणजे केरळाचे, व्यापारी होते. हे दोन्ही प्रदेश समुद्रकाठचे आहेत. तेव्हा बेळगाव घाटमाथ्यावर असले, तरी त्याच्या पेठेचे तोंड आठशे वर्षांपूर्वीही समुद्राकडे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढील शतकांत अरबी समुद्रावरील व्यापार अरबी-फारसी बोलणाऱ्या नाविकांनी गजबजला, आणि मराठीच्या दर्यावर्दी शब्दसंग्रहाचा पाया पडला. हा ‘दर्यावर्दी’ शब्दच मुळी फारसी. ‘बंदर’ फारसी. जहाजाचा धनी तो ‘नाखवा’. फारसीतील ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा स्वामी, याचे ते मराठी रूप होय. खलाशांवरचा मुकादम तो ‘सारंग’. त्याच्या मुळाशी ‘सरहंग’, म्हणजे नायक, हा फारसी शब्द आहे. ‘खलाशी’ अरबी, ‘तुफान’ अरबी. जहाजाची दिशा वळविणारे ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’पासून आले. ‘होकायंत्रा’तील ‘होका’ म्हणजे अरब नाविकांचा ‘हुक्का’, अर्थात सूचीची डबी. तिला संस्कृत ‘यंत्र’ जोडून मराठीने आपला शब्द बनविला. ‘मोसमी वारे’ यांतील ‘मोसम’ही अरबीच, आणि इंग्रजांचा ‘मॉन्सून’ त्याच घराण्यातील आहे. वर्षातील ठरावीक काळी ठरावीक दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यांवर सारी नौकानयनाची विद्या उभी होती. म्हणूनच ऋतू आणि वारा यांना एकच शब्द पुरला.

या शब्दांचे मूळ परके असले, तरी त्यांचा मराठीतील संसार परका राहिला नाही. बेळगावच्या एखाद्या संस्थेचे सुकाणू कोणाच्या हाती आहे, याची चर्चा करणाऱ्यास अरबस्तानाची आठवण होत नाही. उत्सवाच्या उत्साहाला ‘उधाण’ आले असे लिहिणारा वार्ताहर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचा विचार करीत नाही. उधाण आणि भांग ही कोळ्यांची खास जोडी आहे. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी सर्वांत उंच चढते; ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांस काटकोनात पडते आणि भरती मंद राहते, तो भांग. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असलेल्या बंदरात मोठे गलबत आत कधी घ्यावे, हे या दोन शब्दांवर ठरत असे. ‘उधाण’ घाट चढून वर आले आणि घरोघरी पोहोचले. ‘भांग’ मात्र किनाऱ्यावरच राहिला, कारण मंद पाण्याची उपमा कोणास हवी असते?

घाटमाथ्याच्या शेतकऱ्याला सर्वांत जवळचा वाटावा असा बंदरी शब्द म्हणजे ‘नांगर’. शेतातील नांगर संस्कृत ‘लांगल’पासून आला, तर जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. दोन्ही शब्द दोन निराळ्या वाटांनी मराठीच्या दारात आले. मराठीने दोन्ही ठिकाणी ‘ल’चा ‘न’ केला आणि ते एकरूप झाले. त्यामुळे मराठीत शेतही नांगरले जाते आणि जहाजही नांगरले जाते. कन्नडात जहाजाचा ‘लंगरु’ निराळा राहिला आणि शेताचा ‘नेगिलु’ निराळा. दोन्ही नांगरांचे काम पाहू गेल्यास हा योगायोग फार शोभून दिसतो. लोखंडाचा टोकदार फाळ जमिनीत रुतवावा आणि त्याच्या पकडीवर भिस्त ठेवावी, हेच दोन्हीकडचे तत्त्व. एक जमीन उकरीत पुढे जातो आणि दुसरा तळ धरून स्थिर राहतो, एवढाच काय तो फरक. आंबोलीजवळ, जुन्या घाटवाटेच्या परिसरात, ‘नांगरतास’ नावाचे ठिकाण आहे. तास म्हणजे नांगराने पडलेली रेघ. खडकात खोल चिरत गेलेल्या पाण्याच्या वाटेला लोकांनी हे नाव दिले. एका अंगाला जहाजाचा नांगर आणि दुसऱ्या अंगाला शेताचा नांगर अशा दोन मुलखांच्या मधोमध हे नाव उभे आहे.

१५१० मध्ये गोवा आदिलशाहीच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला आणि शब्दांचा दुसरा लोंढा सुरू झाला. त्यातील पहिला शब्द युद्धाचा आहे. ‘आरमार’ हा पोर्तुगीज ‘आर्मादा’पासून आलेला शब्द मराठीने इतका आपलासा केला, की १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त राज्याच्या अंगांचा विचार केला, तेव्हा समुद्रावरील सामर्थ्याला त्यांनीही आरमार हेच नाव दिले. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून तयार झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’ने दरबारातील अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत दुर्गवर्ग आहे, पण्यवर्ग आहे, लेखनवर्ग आहे. समुद्राचा मात्र स्वतंत्र वर्ग नाही. किल्ल्यावरील अधिकाऱ्याचे नाव हुकमाने बदलता येते. तुफानात शीड उतरवा असे ओरडणाऱ्या सारंगाची भाषा तशी बदलता येत नाही. तेथे ज्या शब्दाला हात ताबडतोब हालतात, तोच शब्द खरा ठरतो.

पोर्तुगिजांच्या शब्दांत युद्धापेक्षा बांधकामाचे आणि घरसंसाराचे शब्द अधिक आहेत. बंदर म्हटले की गोदाम, तटबंदी, धक्का, दुरुस्तीची जागा ही सर्व आली, आणि त्यांसाठी कारागीर आले. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला, ‘घमेले’ हे ‘गामेला’पासून, ‘पिंप’ हे ‘पिपा’पासून, ‘बादली’ ही ‘बाल्दे’पासून, दाराची ‘बिजागरी’ही तिकडचीच. काम संपल्यावर मिळणारा ‘पगार’ही पोर्तुगीज. बेळगावात आजही एखादे घर बांधले जाते, तेव्हा मिस्त्री घमेले आणवितो, बादलीने पाणी ओततो आणि शनिवारी पगार वाटतो. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या त्या इमारतीच्या बांधकामात गोव्याच्या जुन्या बंदराची भाषा अशी सहज वावरते. ‘गोदाम’ या शब्दाची रूपे तर मलायापासून पोर्तुगालपर्यंत सगळ्या बंदरांत विखुरलेली आहेत. त्याच्या शेजारी ‘वखार’ हा देशी शब्द मात्र टिकून राहिला. मराठ्यांनी डचांच्या, इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या कोठ्यांना वखार म्हटले. निपाणीने आपल्या तंबाखूच्या कोठारांना तेच नाव दिले.

तंबाखूची वाटही मोठी उद्‌बोधक आहे. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी आणलेले हे पान किनाऱ्यावरून आदिलशाहीच्या मुलखात शिरले. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरला आला असताना त्याने तंबाखू प्रथम पाहिली, आणि नवलाची वस्तू म्हणून ती बादशहापुढे नेली. १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी टिकली नाही, हे सांगणे नलगे. म्हणजे तंबाखू उत्तरेत पोहोचण्यापूर्वी दक्षिणेत रुजली होती, आणि बेळगावचा मुलूख त्या काळी आदिलशाहीतच मोडत होता. निपाणी आणि चिकोडीच्या काळ्या रानांत विडीच्या तंबाखूचे पीक पुढे इतके वाढले, की निपाणी या नावाचा अर्थच तंबाखू असा झाला. १९८१ मध्ये येथील तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडले आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या गावाकडे वळले. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी एका जहाजातून उतरलेल्या पानावर एवढी माणसे जगत होती आणि झगडत होती.

घाटाखालील बंदरांपैकी बेळगावशी अत्यंत निकटचा संबंध वेंगुर्ल्याचा. डचांनी १६३७ मध्ये तेथे वखार घातली. विजापूरचा व्यापार आणि गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर, असे दोन्ही हेतू त्यात होते. त्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात अद्याप दाखविले जातात. १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून हे बंदर इंग्रजांकडे आले, १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला त्यांनी घेतला, आणि बेळगावात लष्करी छावणी बसली. छावणीला दारूगोळा, लोखंड, कापड आणि विलायती सामान हवे होते. ते मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास येई आणि तेथून रामघाटाने वर चढे. पुढे आंबोलीचा घाट बांधून झाल्यावर गाड्यांची रहदारी तिकडे वळली. वेंगुर्ले ते बेळगाव हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. बेळगाव शहरातून हिंडलग्याच्या बाजूस निघणाऱ्या रस्त्याला वेंगुर्ला रोड हे नाव पडले. निपाणीचाही असाच एक रस्ता आहे. राधानगरी आणि फोंडाघाटावरून जाणारा तो रस्ता देवगड–निपाणी रस्ता या नावाने ओळखला जातो. एका टोकाला नैसर्गिक बंदर आणि दुसऱ्या टोकाला तंबाखूची पेठ. रस्त्याच्या नावातच त्याचे प्रयोजन सांगितलेले आहे.

वेंगुर्ल्यासारख्या बंदरात काम कसे चाले, हे पाहिले म्हणजे बंदराच्या शब्दांची सांगड नीट लागते. मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नसे. ते उघड्या दर्यात, पुरेशा ‘वाव’ पाण्यात नांगरून उभे राही. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सुमारे सहा फूट. घाटमाथ्याचा माणूस विहिरीची खोली परसांनी मोजतो आणि कोळी समुद्राची खोली वावांनी मोजतो. दोघांचेही माप माणसाच्या देहावरून घेतलेले आहे. जहाजाकडे किनाऱ्यावरून ‘पडाव’ आणि ‘मचवे’ जात. माल त्यांत उतरविला जाई आणि ते भरतीच्या पाण्यावर ‘धक्क्या’ला येत. धक्का म्हणजे पाण्याच्या काठाशी उभी बांधलेली दगडी भिंत. तिच्यामागे भराव घालून माल ठेवण्यास सपाट जागा केलेली असते. धक्क्यावरून माल ‘फुरजा’वर, म्हणजे बंदरावरील जकातीच्या जागी, मोजला जाई, आणि मग वखारीत पडे. तेथून बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे निघत. खालून मीठ, नारळ, सुके मासे आणि विलायती माल वर जाई. वरून कापूस, तंबाखू, गूळ, मिरची आणि धान्य खाली येई.

हा सर्व व्यवहार वर्षातून आठच महिने चाले. मृगाचे ढग दिसू लागले की बंदरावर धोक्याचा बावटा चढे, गलबते ओढून किनाऱ्यावर घेतली जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद राही. घाटातील गाडीवाटही त्याच काळात चिखलाने बंद होई. दसऱ्यानंतर दोन्ही पुन्हा उघडत. बंदर आणि घाट यांचा हंगाम एक होता, म्हणून त्यांची भाषाही एक झाली. गाडीवान धक्क्यापर्यंत जाऊन आला की तो धक्क्याचे शब्द घेऊन वर येई.

याच व्यापाराचा एक ठसा कापसाच्या नावावर उमटला आहे. बेळगाव, धारवाड आणि विजापूरच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या एका कापसाला ‘कुमठा’ म्हणत. कुमठा हे उत्तर कन्नड किनाऱ्यावरील बंदर. तेथे कापसाचे एक बोंडही पिकण्याचे कारण नाही. परंतु तेथून तो जहाजावर चढे म्हणून लिव्हरपूलच्या बाजाराने त्यास बंदराचे नाव दिले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाला अपूर्व मागणी आली, तेव्हा हे नाव साऱ्या कापूस बाजारात ऐकू येऊ लागले. पिकविणाऱ्या शेताचे नाव पुसले गेले आणि पाठविणाऱ्या धक्क्याचे नाव मालाला चिकटले. बंदराची सत्ता शब्दांवर कशी चालते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

यानंतर एका नव्या बंदराने आणि एका रेल्वेने या जुन्या वाटांचे भवितव्य ठरविले. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यानुसार गोव्यात मुरगाव येथे आधुनिक बंदर आणि तेथून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत मीटरमापी लोहमार्ग बांधण्याचे ठरले. १८८८ पर्यंत हे काम पुरे झाले आणि मार्ग लोंढ्याकडून येणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला. बेळगावला रेल्वे १८८७ च्या सुमारास पोहोचली होती. १८९० मध्ये पुण्यापर्यंतची वाट मोकळी झाली.

मुरगावचे बंदर आणि वेंगुर्ल्याचे बंदर यांत केवळ आकाराचा भेद नव्हता. वेंगुर्ल्यात माणूस समुद्राच्या सोयीने काम करी. मुरगावात अभियंत्याने समुद्राला काही अटी घातल्या. समुद्रात लांबवर दगडांची भिंत घालून लाटांचा जोर तिच्यावर मोडावयाचा आणि भिंतीच्या आडोशाला पाणी शांत ठेवावयाचे, ही आधुनिक बंदराची पहिली अट. जहाज थेट धक्क्याला लागावे म्हणून तेथील तळ खोल ठेवावयाचा आणि त्यासाठी सतत गाळ काढावयाचा, ही दुसरी अट. आगगाडीचे रूळ धक्क्यापर्यंत आणावयाचे आणि यारीने जहाजातील माल उचलून थेट डब्यात ठेवावयाचा, ही तिसरी. त्याच सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये उघडला. या गोद्यांना दरवाजे होते. भरतीचे पाणी आत घेऊन दरवाजे लावले, की ओहोटीतही जहाज तरंगत राही आणि माल सुखाने उतरविता येई. ज्या गोदीतील पाणी उपसून जहाजाचे बूड दुरुस्तीसाठी उघडे करतात, ती सुकी गोदी. ‘गोदी’ आणि ‘गोदी कामगार’ हे शब्द मुंबईच्या जीवनात रुजले, आणि पोटासाठी मुंबईस गेलेल्या घाटमाथ्याच्या माणसांनी ते आपल्या गावी आणले.

या वेळी मात्र शब्दांच्या येण्याची रीत पालटली. क्रेन, जेटी, बर्थ, ड्रेजर हे शब्द खलाशाच्या तोंडून न येता अभियंत्याच्या नकाशावरून आले. तरीही लोकांनी जमेल तेथे आपली टाकसाळ चालविली. वाफेच्या जहाजाला त्यांनी ‘आगबोट’ म्हटले, समुद्र मागे हटवून केलेल्या जमिनीला ‘भराव’ म्हटले, आणि तळ खरवडण्याच्या प्रचंड यंत्राच्या कामाला ‘गाळ काढणे’ एवढेच साधे नाव दिले. शेतकरी उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून शेतात पसरतो, तेव्हा तो त्यास सोन्यासारखा वाटतो. बंदराला तोच गाळ मारक ठरतो. शब्द एक, पण काठ बदलला की त्याचा मोलभाव बदलतो.

रेल्वेने वेंगुर्ल्याचा व्यापार ओढून नेला. घाटाखाली उतरणाऱ्या कापसाच्या गाड्या लोंढ्याच्या दिशेने वळल्या. निपाणीवरून लोहमार्ग गेलाच नाही. तिची भिस्त रस्त्यावरच राहिली. जुनी बंदरे हळूहळू मासेमारीपुरती आणि हंगामी आगबोटींपुरती उरली, पुढे आगबोटीही थांबल्या. मुरगाव गोवामुक्तीनंतर, १९६३ मध्ये, देशाच्या मोठ्या बंदरांच्या पंक्तीत बसले. फुरजा गेला, लमाणांचे तांडे गेले, पडाव कुजले. परंतु वखार, गोणी, हमाल, लिलाव, नांगर आणि सुकाणू हे शब्द घाटमाथ्यावर जसेच्या तसे राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. वेंगुर्ले आणि देवगड मुंबई राज्यात राहिली व १९६० पासून महाराष्ट्रात आली. जुन्या व्यापारी वाटेच्या मधून राज्याची सीमा गेली. या सीमेविषयी लोकांच्या भावना तीव्र आहेत आणि तो प्रश्न निराळा आहे. शब्दांपुरते पाहावयाचे, तर बंदरी शब्दांनी ही सीमा कधी जुमानली नाही. मराठीतील बंदर कन्नडात ‘बंदरु’ आहे, गोदाम ‘गोदामु’ आहे, जकात ‘जकाती’ आहे, तंबाखू ‘तंबाकु’ आहे. मंगळूरच्या मच्छीमारांचा ‘धक्के’ आणि मुंबईचा ‘भाऊचा धक्का’ हे सख्खे भाऊ शोभतात. उलट दिशेचाही एक शब्द आहे. ‘गोणी’ हा मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत पूर्वापार चालत आलेला शब्द जहाजांवर चढला आणि इंग्रजीत ‘गनी’ होऊन जगभर गेला. किनाऱ्याने घाटमाथ्याला इतके शब्द दिले, तेव्हा घाटमाथ्याने किनाऱ्याला निदान एक पोते तरी परत केले!

आज परिभाषा तयार करताना या इतिहासाचा विचार व्हावयास हवा. शासकीय मराठीने बंदराच्या बांधकामशास्त्राला ‘पत्तन अभियांत्रिकी’ म्हटले आणि पत्तन अभियंत्याची कार्यालये स्थापन झाली. पत्तन हा शब्द उसना नव्हे. गोपकपट्टणाच्या काळापासून तो या मुलखाचाच आहे. परंतु मधल्या काळात लोकांच्या जिभेवर ‘बंदर’ बसला, आणि ज्याच्यासाठी धक्का बांधावयाचा त्या कोळ्याला पत्तन म्हटल्याने काही बोध होत नाही. लाट मोडणाऱ्या भिंतीला ‘लाटरोधक’ म्हटले, तर ते एकदा ऐकून समजते. समजण्याची ही कसोटी लावली, तर बरेच वाद मिटतील. शब्द संस्कृत आहे की फारसी, पोर्तुगीज आहे की इंग्रजी, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या शब्दाने काम करणाऱ्याचे हात चालतात किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे. राजव्यवहारकोशाच्या काळी समुद्राचे शब्द बदलले गेले नाहीत, यात त्या काळच्या लोकांचे व्यवहारज्ञान दिसून येते.

अधिक चिंतेची गोष्ट निराळीच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजातून लोखंडी पेट्यांत भरलेला माल प्रथम वाहिला गेला, आणि कंटेनरचे युग सुरू झाले. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर उघडले. आता बेळगावच्या कारखान्यांतील ओतीव लोखंडाचे सुटे भाग कारखान्याच्या दारातच पेटीत बंद होतात आणि महामार्गाने निपाणीवरून मुंबईकडे जातात. पेटी मध्ये कोठेही उघडली जात नाही. माल उतरविणारा, मोजणारा, वाहणारा आणि त्या कामाचे शब्द बोलणारा माणूस मध्ये लागत नाही. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर गाडीवान आणि तांडेल एकमेकांशी दोन शब्द बोलत; कंटेनर चालविणारा आणि यारी चालविणारा एकमेकांस पाहतही नाहीत. माल पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक जातो. त्याच्याबरोबर जाणारे शब्द मात्र फारच थोडे.

म्हणून ज्यांच्या तोंडी जुने शब्द अद्याप आहेत, अशा किनाऱ्यावरील वृद्ध तांडेलांकडून आणि घाटमाथ्यावरील वखारींतल्या जुन्या हमालांकडून ते वेळीच लिहून घेणे अगत्याचे आहे. वाव, भांग, फुरजा, पडाव हे शब्द कोशात सापडतील; पण कोणत्या पाण्यात पडाव सोडावा, भांगेच्या दिवशी कोणते गलबत बाहेर थांबवावे, गोणीला आकडा कोठे लावावा, हे कोशात सापडणार नाही. ते ज्ञान त्या शब्दांच्या पोटात आहे. राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंस आणि घाटाच्या वर व खाली, मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, ही नोंद एकत्र होऊ शकेल. जे शब्द इतकी शतके एकाच गाडीतून आले आणि गेले, त्यांची यादी निराळी करण्याचे कारण नाही.